आधी पाणी उकळा, मग वीज काढा

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: 'स्वीडनने कचरा संपवला, आता तो देश दुसऱ्यांकडून कचरा विकत घेतो. मुंबईचा रोजचा साडेसहा हजार टन कचरा जाळला तर देवनार-कांजूरची डम्पिंग ग्राउंड बंद होतील, शहराला फुकट वीज मिळेल, आधुनिक भट्टीतून प्रदूषण होत नाही आणि ओला-सुका वेगळा करायची कटकटही संपेल. पण कंत्राटदारांची दुकानं बंद होतील म्हणून हे कुणी करत नाही.' खाली हात जोडलेले इमोजी.

कंत्राटदारांचं कंत्राटदार बघून घेतील. बाकीचं एकेक करून पाहू.

'सगळा कचरा जाळता येतो, वेगळा करायची गरज नाही'

मेसेजमधला हा दावा सगळ्यात चुकीचा आहे आणि बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहेत, म्हणून आधी हाच.

मुंबईच्या कचऱ्यात 70 टक्क्यांच्या आसपास ओला कचरा असतो. भाजीची देठं, उरलेला भात, मासळीचं पाणी, चहाचा चोथा, देवाची फुलं. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 2004-05 मध्ये देशभरातल्या शहरांची पाहणी केली, तेव्हा मुंबईच्या कचऱ्यात 54 टक्के ओलावा निघाला होता. म्हणजे एक किलो कचरा भट्टीत टाकला की त्यात 540 ग्रॅम नुसतं पाणी. हे पाणी 30 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला लिटरमागे 70 किलोकॅलरी लागतात, आणि त्याची वाफ करायला आणखी 540. हिशोब केला तर त्या एका किलोतलं पाणी घालवण्यातच सुमारे 330 किलोकॅलरी जातात, आणि वीज त्यानंतर. ओली लाकडं चुलीत घातल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ही आकडेवारी कोरड्या दिवसांची धरा. जुलैत उघड्या डब्यातून उचललेला कचरा कसा असतो ते कॉम्पॅक्टरच्या मागून स्कूटर चालवणाऱ्याला विचारा. गाडी दाबते आणि काळं पाणी रस्त्यावर ओघळत जातं.

हा प्रयोग देशात एकदा होऊनही गेला आहे. 1987 मध्ये दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज 300 टन कचरा जाळणारा प्लँट उभा राहिला. त्याला किलोमागे 1,462 किलोकॅलरी देणारा कचरा हवा होता. प्रत्यक्षात आला तो 600-700 चा. माती, राख, पालापाचोळा आणि ओल. प्लँट बंद पडला. यंत्रात खोट नव्हती, ते दुसऱ्या देशाच्या केराच्या टोपलीसाठी बनवलेलं होतं. त्या अनुभवानंतर 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं की जाळायचा तो पुनर्वापर न होणारा आणि किलोमागे 1,500 किलोकॅलरी किंवा जास्त देणारा कचरा. सरसकट सगळा जाळायला कायदाच परवानगी देत नाही.

तेव्हा कटकट संपणार नाही. भट्टी लावायची तर ओला-सुका वेगळा करणं आणखी जरुरीचं होतं.

'स्वीडन कचरा विकत घेतो'

उलट आहे. ब्रिटन, नॉर्वेसारखे देश आपला कचरा घेण्यासाठी स्वीडनला पैसे देतात, कारण त्यांच्याकडे तो पुरणं महाग पडतं. घेणाऱ्यालाच पैसे मिळतात, याला विकत घेणं म्हणत नाहीत. स्वीडनच्या भट्ट्या परवडतात त्याचं मोठं कारण थंडी. तिथे शहरभर गरम पाण्याच्या पाइपलाइनचं जाळं आहे आणि भट्टीतली उष्णता थेट घरं तापवायला जाते. नुसती वीज करायची तर कचऱ्यातल्या उष्णतेचा पाचवा-चौथा हिस्साच हाती लागतो, बाकीची चिमणीतून आणि कंडेन्सरमधून निघून जाते. मुंबईत ती उष्णता द्यायची कुणाला? मे महिन्यात भांडुपला?

आणि मेसेज लिहिणाऱ्याने हे वाचलं नसावं: स्वीडनमध्ये 1 जानेवारी 2024 पासून खरकटं वेगळं गोळा करणं सक्तीचं झालं आहे. ज्यांचा दाखला देऊन 'वेगळं करू नका' म्हणायचं, तेच वेगळं करतात.

'वीज फुकट मिळेल'

केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये कचऱ्यापासूनच्या विजेचा दर युनिटला 7 रुपयांच्या वर ठरवला होता. सौर विजेच्या निविदा गेल्या काही वर्षांत अडीच रुपयांच्या आसपास लागल्या आहेत. तुलना पूर्ण न्यायाची नाही, हे कबूल. सौर पॅनल कचऱ्याची विल्हेवाट लावत नाही. पण मग स्पष्ट म्हणा की आपण कचरा संपवायचे पैसे देतोय, वीज हे त्यातलं वरचं उत्पन्न.

देवनारला रोज 600 टन कचरा जाळायच्या प्रकल्पातून 7-8 मेगावॅट वीज निघेल असं सांगितलं गेलं. उन्हाळ्यात मुंबईची मागणी 4,000 मेगावॅटच्या वर जाते. असे दहा प्रकल्प उभे केले तरी दोन टक्के होतात. फुकट विजेच्या गोष्टीचा एवढाच जीव.

'डम्पिंग स्वस्त म्हणून चालू ठेवलंय'

मेसेजमध्ये हे सरळ लिहिलेलं नाही, पण खालच्या प्रतिक्रियांत हमखास येतं. कचरा नेऊन टाकणं स्वस्त दिसतं, कारण बिल पंचवीस-तीस वर्षांनी येतं. मुंबईत ते आलं आहे. मुलुंडचं डम्पिंग 1968 ला सुरू झालं, 2018 ला बंद झालं. तिथला 70 लाख टन जुना कचरा उपसून चाळून काढायचं कंत्राट 731 कोटींचं. टनामागे हजार रुपयांच्या वर. देवनार 1927 पासूनचं. तिथल्या 185 लाख टनांसाठी 2025 मध्ये निघालेली निविदा 2,368 कोटींची, म्हणजे टनामागे जवळपास 1,280 रुपये. टाकताना, वाहताना, आग विझवताना झालेला खर्च वेगळा. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत होता, आणि गोवंडी-मानखुर्दच्या लोकांनी तो श्वासातून घेतला.

त्यामुळे उघड्या डम्पिंगच्या बाजूने मी उभा नाही. तुलना करताना मात्र आजची वाहतूक, उद्याची भट्टी आणि परवाची साफसफाई हे सगळं एका पानावर मांडायला हवं.

'प्रदूषण शून्य'

धूर कमी झाला म्हणून प्रदूषण शून्य होत नाही. वजनाने पाचवा-चौथा भाग राख उरते. साडेसहा हजार टन जाळले तर रोज तेराशे ते सोळाशे टन राख. तळाची राख एक वेळ भरावाला चालेल. पण चिमणीच्या फिल्टरमध्ये अडकणारी बारीक राख, जिच्यात जड धातू आणि डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं असतात, ती घातक कचऱ्यात मोडते. तळोज्याला तशी सोय आहे, पण ती कारखान्यांच्या कचऱ्यासाठी. 'देवनार बंद होईल' म्हणणाऱ्यांनी राखेचा डम्पर कुठे जाणार तेही सांगावं.

डायऑक्सिन रोखायला भट्टीचं तापमान सतत वर राहावं लागतं. ओला कचरा आला की ते घसरतं, मग जोडीला इंधन जाळा. दिल्लीच्या ओखल्याचा प्लँट 2012 पासून चालू आहे. मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन केल्याबद्दल हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये त्याला 25 लाखांचा दंड लावला. आमच्याकडे गोवंडीची जैववैद्यकीय (म्हणजे रुग्णालयांच्या) कचऱ्याची भट्टी तिथून हलवावी, असं 2023 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. नवी भट्टी कुठे येणार, तर पुन्हा देवनारला, त्याच लोकांच्या शेजारी. हे 'शून्य' कुणाच्या खिडकीतून मोजलं?

हवामानाच्या बाजूने पाहिलं तर चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि इथे भट्टीवाल्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पुरलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापदायक. उपग्रहांच्या मोजणीवरच्या 2022 च्या एका अभ्यासात कांजूरच्या क्षेपणभूमीतून ताशी 10 टनांच्या आसपास मिथेन निघत असल्याचं आढळलं. भयंकर आकडा आहे. पण हा वायू खरकट्यातून येतो. प्लॅस्टिक पुरलं तर ते मिथेन देत नाही. जाळलं तर मात्र एका किलो पॉलिथिनमागे तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत. म्हणजे जे पुरल्याने नुकसान होतं ते नीट जळत नाही, आणि जे छान जळतं ते जाळल्यानेच नुकसान होतं. सगळं एकत्र करून एकाच तोंडात घातलं की दोन्हीकडून मार.

मग ओल्याचं करायचं काय?

गॅस. तोच मिथेन बंद टाकीत धरायचा. इंदूरचा बायो-सीएनजी प्लँट फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा, जागा 15 एकर. ओलावा तिथे अडचण ठरत नाही, जिवाणूंना तो हवाच असतो. अट एकच: कचरा घरातून वेगळा झालेला हवा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे बायोगॅसचं तंत्र याच तत्त्वावर विकसित केलं, आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या कचरावेचक बायकांनी असे प्लँट चालवून दाखवले. तंत्रज्ञान आपल्याच गावात ट्रॉम्ब्याला जन्मलं, आणि आपण स्वीडनचे मेसेज पाठवतो.

2017 मध्ये पालिकेने रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना आवारातच ओल्याची विल्हेवाट लावायला सांगितलं. कित्येकांनी यंत्रं घेतली. जाता जाता सांगतो: 'चोवीस तासांत खत' म्हणणारी यंत्रं खत करत नाहीत, कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. वीज आपली जाते. कुंडीत घालून पाणी दिलं की ती भुकटी पुन्हा वास मारायला लागते.

'आम्ही वेगळा करतो, गाडीवाला एकत्र करतो,' हा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा आहे. त्यासाठी वॉर्ड ऑफिसला भांडा. डाळीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. कोरडा असता तर तोच पुठ्ठा त्याने किलोवर विकत घेतला असता. गाडीत ओला-सुका वेगळा ठेवणारा एक पडदा नीट बसवण्याचा खर्च भट्टीपुढे किरकोळ आहे.

भट्टीला माझा सरसकट विरोध नाही. चपला, बहुपदरी पाकिटं, मळकं कापड, थर्माकोल, असा कोरडा आणि कुणीच न घेणारा माल उरतोच. तो तिथे जावा. देवनारचे 600 टन शहराच्या कचऱ्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहेत, आणि एवढा कोरडा माल मुंबईत सहज निघेल. पण असे दहा उभारायची मागणी करण्यापूर्वी करार वाचा. अशा करारांत बहुधा शहराने रोज ठराविक टन कचरा पुरवायची हमी असते, वर्षानुवर्षांची. लोकांनी कचरा कमी केला, वेगळा केला, भंगारात दिला, तरी भट्टीचं पोट भरावंच लागतं, नाहीतर दंड पालिकेला. तो भरणार मालमत्ता कर देणारे, म्हणजे हा मेसेज पुढे ढकलणारेच.