कारकून की सुभेदार? सोव्हिएत प्रांतिक सचिवांविषयीच्या आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. सोव्हिएत संघातील ओब्लास्तांच्या, म्हणजे प्रांतांच्या, पक्षसचिवांना मी लेखात ‘सुभेदार’ म्हटले. आपल्या मते ते मॉस्कोने नेमलेले आणि मॉस्कोने काढलेले कारकून होते. नेमणुकीपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. प्रांतिक समिती मतदान करून प्रथम सचिव निवडत असे खरी, पण नाव आधीच मॉस्कोत ठरलेले असे. मात्र आपल्याकडचा सुभेदारही वरूनच नेमला जाई. तेवढ्याने तो कारकून ठरत नव्हता.

या सचिवांपैकी बरेच जण पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्य असत, आणि सर्वोच्च नेत्याची निवड कागदोपत्री याच समितीच्या हाती होती. जून 1957 मध्ये मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच या ज्येष्ठ नेत्यांनी अध्यक्षमंडळात, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च छोट्या मंडळात, बहुमत जमवून पक्षाचे प्रथम सचिव ख्रुश्चेव्ह यांना हटवण्याचा घाट घातला, तेव्हा निर्णय केंद्रीय समितीपुढेच व्हावा असा हट्ट ख्रुश्चेव्ह यांनी धरला. दूरदूरचे सदस्य लष्करी विमानांनी मॉस्कोत आणले गेले आणि डाव उलटला. त्याच ख्रुश्चेव्ह यांनी 1962 च्या अखेरीस बहुतेक प्रांतिक समित्यांची उद्योग आणि शेती अशी विभागणी करून या सचिवांचे अधिकार निम्म्यावर आणले. ऑक्टोबर 1964 मध्ये ख्रुश्चेव्ह यांना पदावरून दूर केले गेले, तेव्हा केंद्रीय समिती त्यांच्या मदतीला आली नाही. त्यांच्या जागी आलेल्या ब्रेझ्नेव्ह यांनी पुढच्याच महिन्यात ती विभागणी रद्द केली. कारकुनांची नाराजी इतक्या तातडीने कोणी दूर करत नाही.

रियाझान या रशियातील प्रांताचे उदाहरण आपण आपल्या बाजूने दिले आहे. मला ते अर्धेच पटते. तेथील प्रथम सचिव अलेक्सेई लारिओनोव्ह यांनी 1959 मध्ये, वरून आलेल्या दडपणाखाली, सरकारला द्यायच्या मांसाचे प्रमाण एका वर्षात तिप्पट करण्याचे वचन दिले. ते पुरे करण्यासाठी दुभती आणि पैदाशीची जनावरेही कापली गेली, शेजारच्या प्रांतांतून जनावरे विकत आणली गेली, आणि उद्दिष्ट साधल्याची घोषणा होऊन लारिओनोव्ह यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी गोठेच रिकामे असल्याने सारे उघडकीला आले आणि सप्टेंबर 1960 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ती आत्महत्या होती असे सामान्यतः मानले जाते. दडपण वरचे होते हे खरे. पण प्रांतात काय चालले आहे हे मॉस्कोला कळवणारा मुख्य माणूसही हाच सचिव होता, म्हणून तर खोटे आकडे वर्षभर खपले.

कझाकस्तानबाबत मात्र चूक माझी आहे. त्या सोव्हिएत प्रजासत्ताकाचे पक्षप्रमुख कुनाएव 1986 मध्ये ‘निवृत्त झाले’ असे मी लिहिले होते. औपचारिक कारण तेच दिले गेले. प्रत्यक्षात त्या डिसेंबरात मॉस्कोने त्यांना बाजूला करून रशियातील उल्यानोव्स्कचे सचिव कोल्बिन यांना, ज्यांचा कझाकस्तानशी काही संबंध नव्हता, तेथे बसवले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथील तेव्हाची राजधानी अल्मा-आताच्या चौकात निदर्शक जमले. ती निदर्शने बळाने मोडून काढावी लागली. लेखात आता ‘हटवले गेले’ अशी दुरुस्ती केली आहे. ‘सुभेदार’ हा शब्द तसाच ठेवला आहे.