हरणाऱ्या क्लबचे निष्ठावंत पाठीराखे होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबवर निष्ठा ठेवण्याचा विचार पुण्यात, नाशकात किंवा मडगावात बसून कोणी करीत असेल, तर त्या सज्जनाने आधी झोपेचा हिशेब मांडावा. इंग्लंडात रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे तिथल्या उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. म्हणजे पराभव शेवटपर्यंत पाहून, त्याची कारणे अंधारात छताकडे बघत शोधून डोळा लागेपर्यंत दूधवाल्याची वेळ होत आलेली असते. जिंकणाऱ्या संघासाठी जागरण कोणीही करील, त्यात कसले आले आहे कर्तृत्व?

त्यापेक्षा गावचा क्लब धरावा, असे कोणी सुचवील, तर ऐकू नका. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये उतरला आणि 2019 मध्ये बंद पडला. बंद पडलेला क्लब कधीच हरत नसल्यामुळे पाठीराख्याची कसोटी लागायची सोयच उरत नाही.

गुणतक्ता नेहमी खालून वाचावा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या 2024-25 च्या हंगामात युनायटेडने 38 पैकी 18 सामने गमावले आणि 42 गुणांनिशी पंधरावा क्रमांक मिळवला. परंतु वीस संघांत वरून पंधरावा म्हणजेच खालून सहावा, आणि पहिल्या सहांत येणे हे अजूनही मोठ्या क्लबचे लक्षण आहे. त्याच हंगामात डिसेंबरच्या अखेरीस नऊ दिवसांत बोर्नमथ, वुल्व्हज आणि न्यूकासल यांच्याकडून मिळून सात गोल खाऊन एकही परत केला नाही, तेव्हा अनुभवी पाठीराख्यांनी ‘संक्रमणकाळ’ हा शब्द काढला. सर अॅलेक्स फर्ग्युसन 2013 साली युनायटेडच्या मॅनेजरपदावरून निवृत्त झाले तेव्हापासून हा शब्द वापरात आहे. ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी ती पाटी आहे, आणि अशा पाटीवर काम कधी संपणार हे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

फर्ग्युसन यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांचा इतिहास मुखोद्गत करून ठेवावा, कारण पुढची सर्व वर्षे त्यावरच काढायची आहेत. ते नोव्हेंबर 1986 मध्ये आले, 1989 च्या डिसेंबरात ‘आता पुरे’ अशा अर्थाचा चादरीवर रंगवलेला फलक त्यांच्यासाठी ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर झळकला, 1989-90 मध्ये संघ तेरावा आला, त्याच वर्षी एफए कप हा इंग्लंडचा चषक मिळाला आणि लीगचे पहिले विजेतेपद थेट 1993 मध्ये आले. ही कथा प्रत्येक नव्या मॅनेजरच्या प्रत्येक पराभवानंतर जशीच्या तशी सांगता येते. तिचा एकच दोष असा, की ती मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर आणि टेन हाग या पाचही जणांच्या वेळी सांगून झालेली असल्यामुळे घरातली मंडळी शेवट आधीच म्हणून टाकतात.

अंतिम सामन्याला पोहोचल्यास अधिक जपावे. मे 2025 मध्ये बिल्बाओला युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत इंग्लंडच्याच टॉटनहॅमशी होती, आणि टॉटनहॅम लीगमध्ये आपल्याही खाली होते, हा मुद्दा आम्ही आठवडाभर सर्वांना ऐकवला. त्याच हंगामात त्यांनी आपल्याला आधी तीनदा हरवले होते, हे आम्ही सांगितले नाही. चौथ्यांदा 1-0 असे हरवले, तेव्हा ते सांगायला इतर लोक होतेच.

तरीही खरी परीक्षा ऑगस्ट 2025 मधल्या त्या रात्रीची. लीग कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत समोर चौथ्या श्रेणीतला ग्रिम्सबी टाऊन. दोन गोलांची पिछाडी भरून काढून 2-2 बरोबरी, मग पेनल्टी. घरातले झोपलेले, मोबाइलचा आवाज बंद, वाडग्यातला चिवडा कुरकुरेल म्हणून दाण्यांपुरता निवडून खाल्लेला. पेनल्ट्या संपेनातच, आणि 12-11 वर संपल्या तेव्हा ग्रिम्सबीचे प्रेक्षक मैदानात धावले. “जिंकले का हो?” असा प्रश्न आतल्या खोलीतून आला. अशा वेळी “चांगले खेळले” एवढेच म्हणावे. ते कोण, हे कोणी विचारीत नाही.

ऑफिसातल्या लिव्हरपूलवाल्यासमोर मात्र निष्ठेवर प्रवचन देण्याचे टाळावे, कारण तो “तुम्ही हा क्लब कधी निवडलात?” असे विचारतो. आम्ही तो 1999 मध्ये निवडला, तीन मोठे चषक एकाच हंगामात आले त्या वर्षी. मँचेस्टर नकाशात कुठे आहे हे माहीत नव्हते; कोण जिंकतो आहे, एवढे मात्र नीट पाहून घेतले होते. हल्ली जे चालले आहे ते त्या उधारीचे व्याज असावे, असा संशय येतो, पण तो चारचौघांत बोलून दाखवू नये.

शनिवारचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला आहे. हरलो तरी जेवून वेळेवर झोपता येईल.