‘दारू थोडी कमी भरली की धोका टळतो’? रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत नाही

अमेरिकेत घरी रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरतो: ‘जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात शेजारी असलेली कुठलीही बंदुकीची दारू चालते, शंका आली तर थोडी कमी भरा, आणि नळी आखूड असेल तर जलद जळणारीच घ्या.’ (भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवताच येत नाहीत.)

शेजारची दारू चालते, हे आधी पाहू. तक्ता फक्त क्रम सांगतो. दोन नावांमध्ये अंतर किती, ते सांगत नाही. शिवाय मापणी आकारमानाने दारू टाकते, ग्रेन मात्र वजन आहे. डबा बदलला आणि मापणी तशीच ठेवली, तर वजन चुकलंच. म्हणून तीच दारू, तेच गोळीचं वजन आणि तोच गोळीचा प्रकार असलेली प्रकाशित आकडेवारीच धरायची आणि सुरुवात तिच्या खालच्या आकड्यापासून करायची.

‘कमी म्हणजे सुरक्षित’ हा सर्वांत घातक भाग. .३५७ आणि .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसांना लागणारी एच-११० (विंचेस्टर २९६ म्हणजे तीच दारू) भरलेल्या केसमध्येच (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातच) नीट पेटते. तिचा भार (दारूचं वजन) ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, असं ती विकणारी हॉजडन कंपनीच बजावते. केसमध्ये पोकळी राहिली, क्रिम्प (गोळीभोवती दाबलेलं केसचं तोंड) सैल पडला किंवा मॅग्नम प्राइमर (दारू पेटवणारी जास्त जोराची टोपी) नसला, तर दाब नीट चढत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. बार फुसका वाटला तर लगेच थांबा, कारण पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फाटते. हलका बार हवा असेल तर दारूच दुसरी घ्यायची.

जलद दारूची खोड उलटी. .३८ स्पेशलची केस मुळात काळी दारू मावावी इतकी मोठी. १४८ ग्रेनच्या वॅडकटरमागे (सपाट तोंडाच्या गोळीमागे) बुल्सआय या जलद दारूचे २.७ ग्रेन हा जुना निशाणेबाजीचा भार तळाशी जेमतेम दिसतो. चुकून दुप्पट पडला तरी सांडत नाही, म्हणून धोका लक्षात येत नाही. गोळ्या बसवण्याआधी सगळ्या केसेस भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करून विजेरीने पाहाव्यात, पातळी वेगळी दिसली की केस रिकामी करावी.

राहिली आखूड नळी. लांब नळीत जी दारू सर्वाधिक वेग देते, तीच सहसा दोन इंची नळीतही देते. फरक पडतो तो भडका, आवाज आणि झटक्यात, आणि तेवढ्यासाठी जलद दारू निवडली तर हरकत नाही.