मंजूर, मंजूर

माजलगावकडं आमच्या घरी कापूस विकला की पैसे घरात ठेवत नाहीत. वडलांनी दोन वेचण्यांचे पैसे एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले होते, बहिणीच्या लग्नासाठी. आज त्या शाखेच्या शटरला कुलूप आहे, पावती देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे.

लोक म्हणतात, अध्यक्षानं खाल्लं. खाल्लंच. पण मला तेवढाच राग बाकीच्या संचालकांचा येतो. त्यात डॉक्टर होते, वकील होते. त्यांची नावं बघूनच वडलांनी पैसे ठेवले होते.

मुंबईतही हेच झालं. आयएल अँड एफएस या रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, संचालक मंडळावर नामांकित माणसं, आणि जोखीम बघणारी समिती २०१५ ते २०१८ मध्ये बसली एकदाच! पीएमसी बँकेचं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर गटाकडं होतं, ते लपवायला हजारो खोटी खाती उघडली होती. २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला आधी फक्त हजार रुपये काढता येत होते. बँकेतल्या ठेवीला निदान विमा असतो, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. वडलांना हे कुणी सांगितलं नाही.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा मंगल कार्यालयात होती. मी वडलांसोबत गेलो होतो. एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, संचालकांना आणि त्यांच्या घरच्यांना दिलेल्या कर्जाचं पत्रक वाचून दाखवा. मागणी साधी होती. संचालक, त्यांची बायको किंवा नवरा, मुलगा, मुलगी यांच्याकडं किती कर्ज आहे, ते दरवर्षी सभेपुढं ठेवायचंच असतं, २००२ च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्यात तसं लिहिलंय. स्टेजवरून उत्तर आलं, "गुरुजी, बसा हो, जेवणं खोळंबलीत." डॉक्टर-वकील खाली मान घालून अहवाल चाळत होते. खालून आवाज उठला, मंजूर, मंजूर.

त्यात माझाही आवाज होता.

परवा गुरुजींच्या घरी गेलो. त्यांचेही पेन्शनचे पैसे अडकलेत. ठेवीदारांची यादी स्वतःच्या हातानं लिहीत बसले होते. सभेतल्या त्या दिवसाचा विषय मी काढला, माफी मागितली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुझ्या वडलांच्या पावतीची झेरॉक्स उद्या सकाळीच आणून दे. अर्जाला लावायचीय."