वही घेऊन जाणारा शिष्य

नमस्कार,

रँडी पॉश या अमेरिकी संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने मरणाआधी दिलेल्या 'शेवटच्या व्याख्याना'वर मी लेख लिहिला, त्यात "मरावं तर असं" म्हटलं. त्याखाली तुम्ही लिहिलेलं चारदा वाचलं. तुमचे वडील पॉशच्याच आजाराने, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. शेवटचे तीन आठवडे कण्हण्यापलीकडे त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. "मग माझे बाबा मरणात नापास झाले का? स्टेजवर जोर काढून दाखवणं हा निव्वळ तमाशा आहे," असं तुम्ही विचारलंत. 'नापास' हा शब्द लागला. (तमाशा हा शब्द शिवीसारखा वापरू नये असं मला वाटतं, पण ते असो.)

तमाशा मात्र मी मान्य करणार नाही. 18 सप्टेंबर 2007 ला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पॉश बोलायला उभा राहिला, तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात उतरला होता. त्याने स्वतःचे स्कॅन पडद्यावर दाखवले, दहाएक गाठी मोजून दाखवल्या. तीन ते सहा महिने तब्येत बरी राहील, असं डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, हेही सांगितलं. मग जोर काढले. बायकोमुलांविषयी बोलणार नाही, हे त्याने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, आणि हे सगळं आपल्या तीन मुलांसाठी होतं, हे अगदी शेवटी सांगितलं. धाकटी तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. बाप कसा होता हे तिला पुढे कळावं म्हणून केलेली ती सोय होती. बाकी जग मध्येच येऊन बसलं, त्यात मीही.

पण तुमचा मुख्य मुद्दा बरोबर आहे. तो बोलला ते बऱ्या दिवसांत. 25 जुलै 2008 ला तो गेला, त्याआधीच्या शेवटच्या दिवसांचं व्याख्यान कुठेच नाही. माझ्या लेखात हा फरक यायला हवा होता, आला नाही.

आपल्याकडे हे फार आधी कुणालातरी कळलं होतं. शांतिपर्वात युधिष्ठिराला उपदेश करा म्हटल्यावर भीष्म आधी काय सांगतात? बाणांनी अंग जळतंय, मन थाऱ्यावर नाही, वाचा चालत नाही. मग कृष्ण वर देतो, वेदना थांबतात, बुद्धी स्वच्छ होते, आणि मगच राजधर्म सुरू होतो. शरपंजरावरचे भीष्म आपण कीर्तनात ऐकतो, चित्रांत बघतो. तो वर मात्र विसरतो. तुमच्या वडिलांना तो मिळाला नाही, एवढंच.

पॉशचं मला आता जास्त मोलाचं वाटतं ते मार्च 2008 मधलं. तेव्हा तो अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेला आणि या कॅन्सरच्या संशोधनाला पैसे द्या म्हणाला. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल. लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. हसतमुख राहून हा आजार हटत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. यावर मी लेखात अर्धी ओळ खर्च केली होती.

आणि एक कबुली, जी तिथे लिहायची हिंमत झाली नाही. माझे कॉलेजातले सर आजारी होते तेव्हा मी दर रविवारी वही घेऊन जायचो. सर काहीतरी बोलतील, मी टिपून घेईन. एकदा त्यांनी विचारलं, "वहीत काय लिहितोस?" म्हटलं, तुम्ही सांगाल ते. "मग लिही, पाणी कोमट नको." हसले, खोकल्याची उबळ आली, आणि दोन तास झोपून गेले. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तू बोलायला येतोस रे. त्यांना कुशीवर वळवायला कोण येणार?" पाठीला जखमा झाल्या होत्या. मला माहीतच नव्हतं, कारण मी नेहमी समोर खुर्ची टाकून बसायचो.

पुढच्या रविवारी वही घरी ठेवली. खालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून माणसाला न ओरबाडता कसं वळवायचं, ते काकूंनी शिकवलं. सर पाच रविवार राहिले. त्या पाच रविवारांत आमच्यात बोलणं असं झालंच नाही. "जरा वर", "बास", "पंखा कमी कर", एवढंच.

लेखातलं "मरावं तर असं" हे वाक्य आज काढून टाकलं आहे. त्या जागी दुसरं काही घातलेलं नाही. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच खाली ठेवली आहे.