गाडी सोडली

आमच्या अण्णांनी आयुष्यात सहा वेळा गाडी सोडली. अण्णा म्हणजे माझे चुलते, कराडकडचे. तीस वर्षं दहाटायरी चालवली. ट्रकवाल्यांच्या बोलण्यात ‘गाडी सोडली’ म्हणजे नोकरी सोडली, बास. शेठशी वाजलं, भत्ता बुडवला, घरी सुगी आली, काहीही कारण. चावी टेबलावर ठेवायची, हिशोब मिटवायचा आणि कळंबोली गाठायची. तिथं टपरीवर कुणीतरी विचारणार, “आधी कुणाच्या गाडीवर हुता?” नाव सांगितलं की समोरचा त्या शेठला फोन लावणार, दोन मिनिटं बोलणार, आणि अण्णा संध्याकाळी नव्या गाडीवर.

मी खराडीत पाच वर्षं रात्रपाळीत जे काम केलं ते हेच, फक्त टपरी नव्हती. अमेरिकेतल्या ट्रकचालकाने आधी कुठे काम केलं, कधी सोडलं, का सोडलं हे जुन्या मालकाला विचारायचं आणि चौकटीत भरायचं. कंपनीचं नाव सांगणार नाही. खाली एक प्रसंग येतो, त्यातल्या ओळखीच्या खुणाही पुसल्या आहेत. परवा भावकीतल्या एका पोराने विचारलं, “दादा, अमेरिकेत ट्रक चालवायला जावं म्हणतोय, तिकडे म्हणे सगळं सिस्टिमने चालतं?” त्याला फोनवर सांगायला बसलो आणि लक्षात आलं की हे लिहायलाच हवं.

तर तिकडची सिस्टिम. या चौकशीतून जो अहवाल तयार होतो त्याला ड्रायव्हर लोक ‘डॅक’ म्हणतात, ‘ड्राइव्ह-अ-चेक’चं लघुरूप. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली ही सेवा पुढे हायरराइट कंपनीकडे गेली, पण जुनं नाव चिकटलं ते चिकटलंच. आपण नाही का कुठल्याही मशीनवर ‘झेरॉक्स’ काढतो! त्याचं क्रियापदही झालंय. “त्याला डॅक केलं” म्हणजे त्याच्या नावापुढे असं काही लिहिलं की आता वर्षानुवर्षं त्याला कुणी दारात उभं करणार नाही.

ही तपासणी उगाच आलेली नाही, हे आधी कबूल करतो. माल भरलेला ट्रक 80,000 पौंडांचा, म्हणजे 36 टनांचा. 1986 च्या कायद्याआधी तिकडचे काही बहाद्दर चार राज्यांची चार लायसन्स खिशात ठेवायचे आणि दंड त्यांच्यात वाटून टाकायचे. (ओळखीचं वाटतंय ना?) त्या कायद्याने एका माणसाला एकच लायसन्स केलं. आता नव्या मालकाने मागच्या 3 वर्षांतल्या मालकांकडे अपघातांची चौकशी करायची, हे सरकारी नियमानेच बंधनकारक आहे. ड्रग्ज आणि दारूच्या चाचण्यांची नोंद 6 जानेवारी 2020 पासून केंद्र सरकारच्या एका वेगळ्या नोंदवहीत जाते, आणि चाचणीत सापडलेल्याला ठरलेले उपचार आणि फेरचाचणी पार केल्याशिवाय गाडीवर बसता येत नाही. शिवाय 5 वर्षांचे अपघात आणि 3 वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या दाखवणारी एक सरकारी नोंद आहे. तीही कुणी मालक स्वतःच्या मनाने लिहीत नाही. अपघाताचा पोलिसांचा कागद असतो, चाचणीला प्रयोगशाळा असते. यातल्या कशावरही माझा आक्षेप नाही. उलट आपल्याकडे हे असतं तर अण्णांच्या बरोबरचा एक जण दोनदा गाडी पलटी करून तिसऱ्या गाडीवर तिसऱ्या दिवशी बसला नसता.

माझं भांडण आहे ते शेवटच्या दोन चौकटींशी. एक, ‘काम सोडण्याचं कारण’. दोन, ‘पुन्हा घ्याल का?’ दुसरीत हो किंवा नाही, एवढंच. ‘नाही’ का, ते कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही, स्क्रिप्टमध्येच नव्हतं. आणि पहिलीत एक पर्याय असा आहे की तो मराठीत आणायचा तर ‘गाडी टाकून गेला’ असं म्हणावं लागेल. सोडली आणि टाकली, यातला फरक अण्णांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्या चौकटीत हायवेवर गाडी उभी करून गायब झालेला माणूसही बसतो, आणि मालकाशी भांडून रीतसर चावी देऊन गेलेलाही बसवता येतो. कुठे बसवायचा ते ठरवतो भांडणातला दुसरा पक्ष.

इलिनॉयमधल्या जानेवारी 2009 च्या एका घटनेवरचा खटला गाजलेला आहे. कडाक्याच्या थंडीत ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनचा हीटर बंद, मदतीची वाट बघत चालक तासन् तास बसलेला. पाय बधिर झाल्यावर त्याने ट्रेलर सोडवला आणि जीव वाचवायला नुसतं इंजिनाचं धूड घेऊन निघाला. माल टाकून गेला म्हणून कंपनीने त्याला काढलं. अपील न्यायालयात तो 2016 मध्ये जिंकला, तोही दोन विरुद्ध एक. विरोधात गेलेले ते एक न्यायाधीश नील गोर्सच, जे पुढच्याच वर्षी तिकडच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे त्याला काढणं बरोबर की चूक हे ठरवायला सात वर्षं लागली आणि तरी तीन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. खराडीत आम्ही ‘टाकून गेला’ एका क्लिकमध्ये ठरवत होतो.

आता प्रसंग. रात्रीचे अडीच, टेक्सासात दुपारचे चार. एका चालकाचा फोन. पगारातून कापलेल्या पैशांवरून त्याचं डिस्पॅचरशी, म्हणजे कंपनीत बसून गाड्यांना कामं देणाऱ्याशी, वाजलं होतं. डिस्पॅचर म्हणाला, गाडी अमुक ट्रक स्टॉपवर लाव, चावी अमुक ठिकाणी ठेव, आणि चालता हो. याने तसं केलं, घरापासून हजारभर मैलांवर, आणि बसने घरी गेला. पुढे तीन कंपन्यांनी होकार देऊन नंतर फोन उचलणं बंद केलं, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, तुझं डॅक बघ. तिथे लिहिलेलं, गाडी परवानगी नसलेल्या ठिकाणी टाकून गेला. त्याच्याकडे डिस्पॅचरचा मेसेज होता, फोटो काढलेला. मी तो पाहिला. ट्रक स्टॉपचं नावसुद्धा होतं त्यात.

तक्रार आली की 30 दिवसांत फेरतपासणी करायची, असा कायदा आहे. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात आमची फेरतपासणी काय होती सांगू? ज्याने लिहिलं त्यालाच विचारायचं, “हे बरोबर आहे का?” तो म्हणणार, “हो.” मग आम्ही चालकाला पत्र पाठवणार, तपासलं, नोंद बरोबर आहे. त्या मेसेजचा फोटो मी त्याच्या जुन्या कंपनीला जोडून पाठवला होता. उत्तर एका ओळीत आलं, नोंद कायम ठेवावी. सुपरवायझर म्हणाला, “केस क्लोज कर, क्यू वाढलाय.” मी केली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केली.

त्यात आणखी एक मेख आहे. इतर कुठल्याही नोकरीत अहवाल बघून नकार द्यायचा असेल तर मालकाने तो अहवाल आधी उमेदवाराला दाखवावा लागतो. ट्रकचालकाने फोनवरून किंवा इंटरनेटवरून अर्ज केला असेल, समोरासमोर भेट झाली नसेल, तर कायद्याने सूट दिली आहे. आधी नकार, मग कामाच्या 3 दिवसांत कळवा. आता ट्रकवाला अर्ज फोनवरून नाही करणार तर कुठून करणार? तो कायम दुसऱ्याच राज्यात असतो! बदला म्हणून कुणाचं डॅक बिघडवलं तर दाद मागता येते, पण आधी तुम्ही सुरक्षेबद्दल आवाज उठवलेला असायला हवा, किंवा धोकादायक गाडी चालवायला किंवा गाडी चालवायच्या तासांचा नियम मोडायला नकार दिलेला असायला हवा, आणि तक्रार 180 दिवसांत करायला हवी. पैशावरून भांडलेल्याला त्याचा उपयोग नाही. आणि ज्याला नोंद झाल्याचंच आठ महिन्यांनी कळतं, त्याने 180 दिवस कुठून मोजायचे?

माझं म्हणणं फार मोठं नाही. ‘टाकून गेला’ लिहिणाऱ्याने सोबत कागद द्यावा: गाडी कुठे सापडली, कुणी आणली, आधीच्या दिवसाचे मेसेज काय होते. कागद नसेल तर ती चौकट रिकामी राहू दे. आणि नोंद चढायच्या आधी चालकाला दिसू दे. यावर तिकडचे लोक म्हणतात, असं केलं तर मालक खरी माहितीसुद्धा देणार नाहीत. नाही दिली तर नाही दिली, अपघात आणि चाचण्या दुसरीकडे नोंदलेल्या आहेतच की. भावकीतल्या पोरालाही हेच सांगितलं: वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मागता येतो तो माग, गाडी देताना फोटो काढ, चावी घेणाऱ्याची सही घे, आणि डिस्पॅचरशी फोनवर भांडू नकोस, मेसेजवर भांड.

त्या टेक्सासवाल्याची नोंद गेली नाही. अशा वेळी शेवटचा उपाय उरतो, चालक आपली बाजू लिहून देऊ शकतो आणि ती अहवालात लागते. ती लिहायला मदत करणाऱ्या अहवालाच्या कंपनीला त्यावर 100 शब्दांची मर्यादा घालता येते. मदत म्हणजे मी. त्याने लिहून पाठवलं होतं 340 शब्दांचं. त्यात सगळं होतं: 19 वर्षांत एकही अपघात नाही, केबिन झाडून दिली, कागद पुढच्या सीटवर ठेवले, टाकी भरून दिली, बसमधला रात्रीचा प्रवास, मुलीचा वाढदिवस हुकला. मी फोनवर एकेक ओळ वाचायचो आणि विचारायचो, ही काढू का? वाढदिवस गेला. बस गेली. झाडलेली केबिन गेली. डिस्पॅचरचा मेसेज आणि 19 वर्षं ठेवली. मोजून 97 झाले.

“किती उरले?” त्याने विचारलं.

“तीन.”

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

“मग लिही,” तो म्हणाला, “टाकी भरलेली होती.”