वीतभर उंचीचं रान

"अगं, मायामीत बसून आमच्या तळ्यांबद्दल बोलायला तुझं काय जातंय? इथे लोकांना घरं हवीत." नेरुळचा माझा चुलतभाऊ फोनवर चिडला होता. वाद होता तिथल्या डीपीएस शाळेजवळच्या तलावाचा. 2024 साली खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली, तळं सुकलं, शेवाळलं, फ्लेमिंगो येईनासे झाले. दादाचं म्हणणं, तळ्यावर कुणी इमारत तर बांधली नाही ना? मग एवढा गहजब कशाला?

घरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझं स्वतःचं घर एव्हरग्लेड्सचं, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या अफाट पाणथळीचं, पाणी कालव्यांनी काढून कोरड्या केलेल्या जमिनीवर आहे. मूळ पाणथळीचा जवळजवळ निम्मा भाग असाच गेला. इथे राहून ते रोज दिसतं, म्हणून तर मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

उरलेल्या भागात मी दर हिवाळ्यात महोगनी हॅमकला जाते. हॅमक म्हणजे पाणथळीतलं झाडांचं बेट. नजर पोचेल तिथवर सॉग्रास, करवतीसारख्या धारेचं गवत, आणि मध्येच गर्द झाडीचं एक बेट. जमीन भोवतालपेक्षा जेमतेम फूट-दोन फूट उंच, पण तेवढ्यावर सगळं रान तगून आहे. लाकडी वाटेने आत शिरलं की ऊन मागे राहतं. गंबो-लिंबो झाडाची तांबडी साल कागदासारखी सुटलेली असते. वडाच्या कुळातलं एक झाड दुसऱ्याच्या फांदीवर रुजून त्यालाच आवळत खाली उतरतं. गेल्या खेपेला एका खोडावर लिगस गोगलगाय दिसली, दीड पेराएवढी, पांढऱ्या शंखावर पिवळे-तपकिरी पट्टे. कोरड्या दिवसांत ती शंखाचं तोंड सालीला घट्ट चिकटवून पडून राहते आणि पाऊस आला की सालीवरचं शेवाळ खरवडून खाते. मी तिच्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

बेटाभोवती बरेचदा पाण्याचा खंदक असतो. कुजलेल्या पाल्यातलं आम्ल खालचा चुनखडक विरघळवतं, त्यातून तो होतो. गवताला वणवा लागला की हाच खंदक झाडांना वाचवतो. म्हणजे रान स्वतःची राखण स्वतःच करतं, फक्त त्याला पाणी वेळेवर आणि बेताचं मिळायला हवं. माणसाने नेमकं तेच बिघडवलं. कालव्यांनी पाणी ओढलं तिथे झाडांखालची मातीसुद्धा जळून गेली. बांध घालून पाणी तुंबवलं तिथे मुळं कुजून बेटंच्या बेटं बुडाली. कुऱ्हाड लागली नव्हती त्या झाडांना.

एव्हरग्लेड्स ओलांडून जाणाऱ्या, 1928 साली पूर्ण झालेल्या टॅमायामी रस्त्याने पाण्याचा दक्षिणेकडे जाणारा प्रवाह अडवला होता. तो पुन्हा वाहावा म्हणून 2013 साली त्याच रस्त्यावर मैलभराचा पूल बांधावा लागला, आणि तेवढ्याने भागलं नाही. अडवायला सोपं होतं, सोडवायला पिढ्या जातायत.

म्हणून "इमारत तर नाही ना बांधली" हे मला पटत नाही. राखीव म्हणून पाटी लावली तरी भरतीचं पाणी आत आलं नाही, तर ते तळं राहणार नाही. दादाला मी एवढंच म्हटलं, येत्या अमावास्येच्या भरतीला जाऊन बघ, पाणी आत येतंय का. बघून फोन करतो म्हणालाय.